निकालपत्रात न दिसणारी खाडाखोड

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विधी अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य

विषय : दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांचे आयुष्य, लेखन आणि निकालपत्रे एलएलबीच्या वर्गात आणण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात चोवीस वर्षे वकिली करते आहे. गेली नऊ वर्षे आठवड्यातून दोन दिवस विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना विचारते, एखादे निकालपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोणी वाचले आहे का? साठांच्या वर्गात दोन-तीन हात वर होतात. बाकीच्यांनी गाईडमधला सारांश वाचलेला असतो, किंवा हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेले मुद्द्यांचे टिपण. यात मुलांचा दोष मी काढत नाही. परीक्षेत विचारले जाते तेवढेच मूल वाचते, आणि काय विचारायचे ते आपण ठरवतो, म्हणून हे पत्र तुम्हाला.

न्यायाधीश निकालापर्यंत कसा पोहोचतो, हे आपण कुठेच शिकवत नाही. निकालपत्र वाचताना वाटते की पहिल्या परिच्छेदापासूनच सगळे ठरलेले होते. वस्तुस्थिती, मुद्दे, युक्तिवाद, कायदा, निष्कर्ष अशी एका सुतात मांडणी असते. अल्बी सॅक्स हे असे न्यायाधीश आहेत ज्यांनी उघडपणे लिहिले की ही सरळ रेषा खरी नाही. पंधरा वर्षे दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयावर बसल्यानंतर, २००९ मध्ये निवृत्तीच्या सुमारास आलेल्या आपल्या पुस्तकाच्या आरंभीच ते म्हणतात की माझे प्रत्येक निकालपत्र एका अर्थाने खोटे असते. मजकूर खोटा नसतो. तो ज्या शांत, शिस्तबद्ध रीतीने उलगडत जातो तसा तो मनात उलगडलेला नसतो, तिथे पुढे-मागे उड्या असतात, अडखळणे असते, माघार असते. न्यायाधीशाच्या मनाचे काम ते चार टप्प्यांत सांगतात : आधी शोध, मग समर्थन, मग सहकाऱ्यांचे मन वळवणे, आणि शेवटी भाषा सजवून थोडे मिरवणे. हे चौथे त्यांनी मान्य केले, याचे मला फार मोल वाटते.

पण हे पुस्तक वाचायचे तर आधी माणूस ठाऊक हवा. म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

सॅक्स यांचा जन्म ३० जानेवारी १९३५ रोजी जोहान्सबर्गमध्ये झाला. दोन्ही घराणी लिथुआनियातून आलेली, ज्यू. वडील सॉली सॅक्स शिवणकामगारांच्या संघटनेचे नेते होते. आई रे यांनी मोझेस कोटाने या कृष्णवर्णीय कम्युनिस्ट नेत्याच्या कार्यालयात टंकलेखिकेचे काम केले. केप टाउनमध्ये आईजवळ वाढलेल्या या गोऱ्या मुलाला ‘अंकल मोझेस येणार आहेत, घर आवरा’ हे वाक्य नेहमीचे होते. गोऱ्याने काळ्याला आदराने वागवण्यात काही विशेष आहे, हे त्याला बाहेरच्या जगात गेल्यावर कळले. वर्णभेदाच्या देशात अशी सुरुवात फार थोड्यांच्या वाट्याला आली.

१९५२ मध्ये अन्याय्य कायदे मोडण्याची चळवळ सुरू झाली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, कायद्याचे विद्यार्थी. केप टाउनच्या टपाल कार्यालयात बिगर-गोऱ्यांसाठी राखलेल्या बाकावर ते तीन गोऱ्या साथीदारांबरोबर जाऊन बसले. पकडले गेले, पण वय कमी म्हणून आईकडे घरी धाडले. एकविसाव्या वर्षी केप टाउनला वकिली सुरू केली. अशील बहुतेक वंशभेदाच्या आणि सुरक्षा कायद्यांखाली पकडलेले. मग त्यांच्यावरच हालचालींची बंदी आली. १ ऑक्टोबर १९६३ रोजी अटक झाली, आरोप न ठेवता नव्वद दिवस कोठडीत ठेवता येईल अशा कायद्याखाली. एका मुदतीनंतर दुसरी, असे करून एकूण १६८ दिवस एकांतकोठडी. सुटले तेव्हा शहरातून धावत क्लिफ्टनचा समुद्रकिनारा गाठला आणि कपड्यांसकट पाण्यात शिरले. वर्गात हे सांगितले की मुले मोबाइल खाली ठेवतात, असा माझा अनुभव आहे. पुढचे ऐकायला ती तयार झालेली असतात.

पुढचे अधिक कठीण आहे. १९६६ मध्ये दुसरी अटक झाली, तेव्हा झोपू न देण्याचा छळ झाला आणि ते मोडले. हेही त्यांनी लपवले नाही. त्याच वर्षी देश सोडून इंग्लंडला गेले, ससेक्स विद्यापीठात पीएच.डी. केली, साउथॅम्प्टनमध्ये कायदा शिकवला. दक्षिण आफ्रिकेच्या न्यायव्यवस्थेचा इतिहास त्यांनी १९७३ मध्ये लिहिला. न्यायसंस्था म्हणजे वर्णवर्चस्वाचे हत्यार कसे होते, हे दाखवणारे ते पुस्तक आहे. पण त्याच न्यायालयांत मधूनमधून एखादा न्यायाधीश सरकारला कसा अडवत असे, हेही ते नमूद करतात. हा समतोल मला वारंवार चकित करतो. ज्यांनी तुरुंगात टाकले त्यांच्याच व्यवस्थेत शिल्लक राहिलेले चांगले मोजायला वेगळी दृष्टी लागते.

१९७७ मध्ये ते नव्याने स्वतंत्र झालेल्या मोझांबिकला गेले. पोर्तुगीज शिकून मापुतोच्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठात कायदा शिकवू लागले. याच विद्यापीठात १९८२ च्या ऑगस्टमध्ये त्यांची सहकारी रूथ फर्स्ट पार्सल बॉम्बने मारली गेली.

याच काळातला एक प्रसंग तुमच्या मंडळांपुढे मुद्दाम ठेवते. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या संघटनेचे अध्यक्ष ऑलिव्हर टांबो यांनी त्यांना झांबियातल्या लुसाकाला बोलावून घेतले. प्रिटोरियाच्या वर्णभेदी सरकारने पेरलेले हेर संघटनेने पकडले होते, त्यांना कसे वागवायचे याचे नियम नव्हते. सॅक्स म्हणाले, आंतरराष्ट्रीय करार स्पष्ट आहेत, छळ चालणार नाही. तेव्हा टांबो यांनी अतिशय खिन्न होऊन सांगितले की आपल्या लोकांकडून छळ होतो आहे. सॅक्स यांनी मग संघटनेसाठी आचारसंहिता लिहिली. तिच्यात छळाला पूर्ण मनाई होती, आणि १९८५ मध्ये झांबियातल्या काब्वे परिषदेने ती स्वीकारली. शत्रूविरुद्ध कायदा सांगणे सोपे असते. आपल्याच माणसांविरुद्ध, तेही लढाई चालू असताना, कायदा लिहून देणारा वकील मला दुर्मीळ वाटतो. घटनात्मक कायद्याच्या पेपरात ‘राज्याच्या सत्तेवर मर्यादा’ असा प्रश्न असतो. त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, आणि ते राज्य हातात येण्याच्या आधीचे आहे.

७ एप्रिल १९८८. मापुतोमध्ये गाडीचे दार उघडताना बॉम्ब फुटला. उजवा हात गेला, डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. रस्त्याने चाललेला एक माणूस ठार झाला. लंडनच्या रुग्णालयात एका सहकाऱ्याची चिठ्ठी आली, की तुमचा सूड घेऊ. सॅक्स विचारात पडले. सूड म्हणजे काय, आणखी हात तोडायचे? आपल्याला लोकशाही मिळाली, कायद्याचे राज्य मिळाले, तर तोच आपला सूड, असे त्यांनी मनाशी ठरवले. बॉम्बप्रकरणात मोझांबिकमध्ये कोणी पकडला गेल्याचे कळले तेव्हा ते म्हणाले की त्याच्यावर खटला चालावा, आणि पुरावा अपुरा ठरला तर तो निर्दोष सुटावा. तो सुटला तर आपला सूड पुरा झाला, कारण आपण कायद्याने चालतो हे त्यातून सिद्ध होईल. ‘वाजवी संशयापलीकडे’ हा शब्दप्रयोग मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे. एक हात गमावलेल्या माणसाने तो स्वतःच्या मारेकऱ्यासाठी मागितला, हे वाचल्यावर तो मला नव्याने कळला.

१९९० मध्ये ते मायदेशी परतले, राज्यघटनेच्या वाटाघाटींत सामील झाले आणि १९९४ मध्ये नेल्सन मंडेलांनी त्यांना नव्या घटना न्यायालयावर नेमले. अकरा न्यायाधीश. पहिला मोठा खटला फाशीचा. ६ जून १९९५ रोजी अकराही जणांनी स्वतंत्र मते लिहून फाशी घटनाबाह्य ठरवली. सॅक्स यांनी आपल्या मतात स्थानिक आफ्रिकन समाजांची न्यायपरंपरा घेतली, कारण तोवर कायद्याच्या पुस्तकांत ती परंपरा जवळजवळ नव्हतीच. या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या, फाशी वैध ठरवणाऱ्या १९८० च्या बच्चन सिंग निकालाचीही चर्चा झाली होती. त्यांनी आपला निकाल वाचला, वेगळा निष्कर्ष काढला, आणि तो का काढला ते लिहिले.

न्यायालयाची इमारत जोहान्सबर्गच्या जुन्या किल्ल्यात, तुरुंगाच्या जागी उभी आहे. १९०८ मध्ये गांधीजी याच ठिकाणी कैदेत होते, नंतर मंडेलाही. कच्च्या कैद्यांच्या पाडलेल्या बराकीच्या विटा नव्या न्यायालयाच्या भिंतींत वापरल्या. सॅक्स आणि न्यायमूर्ती इव्होन मोकगोरो यांनी इमारतीसाठी चित्रे आणि विणकाम जमवले. सजावटीला दहा हजार रँड होते, त्यांतून सुरुवात झाली. आपली तालुका न्यायालये पाहणाऱ्या मला हे वाचून हेवा वाटला हे खरेच. आमच्याकडे पक्षकार बायकांना बसायला सावली मिळाली तरी दिवस बरा गेला म्हणायचा.

आता माझ्याकडे वळते, कारण हे पत्र लिहिण्याचे कारण तिथे आहे.

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एका नगरपालिकेच्या वकिलांच्या यादीत मला स्थान मिळाले. नाल्याच्या कडेची चौदा घरे, अतिक्रमण म्हणून नोटिसा गेलेल्या. रहिवाशांनी तूर्तातूर्त मनाईचा अर्ज केला. मी कैफियत दाखल केली, जागा सार्वजनिक, बांधकाम बेकायदा, कब्जेदारांना हक्क नाही, अर्ज फेटाळावा. तो फेटाळला गेला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. कोर्टाच्या पायऱ्यांवर एका बाईने मला विचारले, “वकीलबाई, पोरांना घेऊन आता कुठं जायचं?” मी घड्याळाकडे पाहिले आणि पुढच्या कामाला निघून गेले. तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कागदात नव्हते, कारण तो प्रश्नच माझ्या कागदात नव्हता. पाऊस सुरू व्हायला तीन आठवडे होते. मी चूक कायदा सांगितला नव्हता, पण एवढे म्हणून मला कधी स्वस्थ वाटले नाही.

बऱ्याच वर्षांनी मी पोर्ट एलिझाबेथ नगरपालिकेचा निकाल वाचला. १ ऑक्टोबर २००४, लेखक न्यायमूर्ती सॅक्स. खासगी जमिनीवर एकोणतीस झोपड्यांत अडुसष्ट माणसे राहत होती, त्यांत तेवीस मुले. शेजारच्या वस्तीतल्या सोळाशे लोकांनी त्यांना हटवण्यासाठी सह्या केल्या होत्या. नगरपालिका न्यायालयात गेली. माणसे दोन ते आठ वर्षांपासून तिथे होती. दुसरी जागा दाखवली गेली होती, पण तिथेही उद्या उठवले जाऊ, अशी भीती त्यांना होती.

निकालाची सुरुवात इतिहासापासून होते, वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना ‘बेकायदा’ ठरवणारा १९५१ चा कायदा कसा चालला इथून. मग घटना येते : कोणालाही घरातून बाहेर काढायचे तर न्यायालयाने सर्व संबंधित परिस्थिती पाहिली पाहिजे. आणि मालमत्तेचा हक्कही त्याच घटनेत आहे, तोही सॅक्स बाजूला सारत नाहीत. मग ते एकेक गोष्ट तपासतात. किती वर्षे राहत होते. जमीन मालकाला किंवा नगरपालिकेला तातडीने हवी होती का. पर्याय काय दिला, आणि तो देताना माणसांशी कोणी बोलले का. नगरपालिकेने माणसांचे गाऱ्हाणे ऐकून घेण्याचा पुरेसा प्रयत्न केला नव्हता, समोरासमोर बसून मध्यस्थीने सोडवण्याचा तर नाहीच. झोपडीतला माणूस बिनचेहऱ्याचा अतिक्रमणवाला नसतो, तो हक्क असलेली व्यक्ती असतो, हे या निकालाचे हृदय आहे. नगरपालिका हरली.

माझ्या चौदा घरांच्या प्रकरणात यातला एकही प्रश्न कोणी विचारला नाही. मी नाही, समोरच्या वकिलानेही नाही. तो कायद्यात नव्हता म्हणून नव्हे, आम्हा दोघांना विचारायला शिकवलेच नव्हते म्हणून.

तुम्ही म्हणाल, फुटपाथवासीयांचा निकाल आपल्याकडे आहे की. आहे. १० जुलै १९८५, मुंबई महानगरपालिकेविरुद्ध ओल्गा टेलिस. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून मूळ गावी धाडण्याची घोषणा केली होती, त्यातून हा खटला उभा राहिला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी जगण्याच्या हक्कात उपजीविका येते असे सांगितले. हे वाक्य वर्गातल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. मी त्यांना पुढचे विचारते, मग त्या माणसांचे काय झाले? गप्प. कारण गाईडात तेवढे नसते. घरे हटवायला परवानगी मिळाली होती, पावसाळा संपेपर्यंत थांबून, ३१ ऑक्टोबर १९८५ नंतर. १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांसाठी पर्यायी जागेची तजवीज होती, बाकीच्यांसाठी पावसाळ्याची सवलत. हक्क मान्य झाला आणि छप्पर गेले, ही एकाच निकालाची दोन पाने आहेत. मुलाने दोन्ही वाचली पाहिजेत. शेजारी पोर्ट एलिझाबेथ ठेवले तर तो नुसता पाठ करणार नाही, भांडेल, आणि मला वर्गात भांडणारी मुले हवी आहेत.

असेच दुसरे निकालपत्र २००७ चे. तीन मुलांची आई, क्रेडिट कार्डांच्या फसवणुकीत दोषी, तुरुंगवासाची शिक्षा. सॅक्स लिहितात की फाईल पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना हे अपील दखल घेण्याजोगे वाटले नव्हते. एका सहकारी स्त्री न्यायाधीशाने सांगितले की हे प्रकरण आईचे नाही, मुलांचे आहे, त्यांचा विचार शिक्षा देणाऱ्याने केला का? तिथून सगळे फिरले. शेवटी न्यायालयाने उरलेली शिक्षा तहकूब करून तिला देखरेखीखाली घरी राहू दिले, आणि मुलांचा सांभाळ करणाऱ्या आरोपीला शिक्षा ठोठावताना मुलांवर काय परिणाम होईल हे पाहणे न्यायाधीशाचे कर्तव्य ठरवले. मला यात निष्कर्षापेक्षा कबुलीचे जास्त मोल वाटते. मी आधी चुकीचे पाहिले होते, एका सहकाऱ्याने माझे डोळे उघडले, असे लिहिणारा न्यायाधीश आपल्या मुलांना कधी भेटतो का?

सगळ्यांत मी त्यांच्याशी सहमत आहे असेही नाही. १ डिसेंबर २००५ च्या समलिंगी विवाहाच्या निकालात त्यांनी कायदा घटनाबाह्य ठरवला पण दुरुस्तीसाठी संसदेला एक वर्ष दिले. न्यायमूर्ती केट ओ’रेगन यांचे मत वेगळे होते, दिलासा लगेच मिळावा असे. मला त्यांचे म्हणणे पटते. संसदेने केलेला कायदा ३० नोव्हेंबर २००६ रोजी, मुदत संपता संपता, लागू झाला म्हणून सॅक्स बरोबर ठरले असे म्हणता येते, पण ते वर्ष कोणाच्या आयुष्यातून गेले हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणाऱ्या २ जुलै २००९ च्या नाझ निकालात सॅक्स यांच्या १९९८ च्या मतातला उतारा दिलेला आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा प्रश्न संसदेवर सोडला. हे तीन निकाल शेजारी ठेवले तर एका तासात जे होईल, ते दहा व्याख्यानांत होत नाही. म्हणजे न्यायालये एकमेकांचे वाचत आली आहेत. न वाचणारे आपले वर्ग आहेत.

नवा पेपर मागत नाही, मंडळांवर किती बोजा असतो ते मी जाणते. न्यायशास्त्राच्या किंवा विधिलेखनाच्या सध्याच्याच पेपरात एक घटक द्यावा, ज्यात मुलाने तीन निकालपत्रे अखेरपर्यंत वाचावीत, आणि त्याबरोबर न्यायाधीशाने आपल्या विचारप्रक्रियेबद्दल जे स्वतः लिहिले आहे तेही. अंतर्गत गुणांसाठी विद्यार्थ्याने एका प्रकरणावर आपले पहिले मत लिहावे, मग पंधरा दिवसांनी बदललेले मत, आणि बदल कशामुळे झाला ते. खाडाखोड खोडरबराने पुसायची नाही, वहीतच राहू द्यायची. माझ्या वर्गात गेल्या वर्षी हे केले. एका मुलाने पहिल्यांदा ‘अतिक्रमण हटवावे’ लिहिले होते. दुसऱ्या वेळी त्याने तेच ठेवले, पण वर सात अटी घातल्या, आणि त्यातली एक, मुलांच्या शाळेचे वर्ष संपेपर्यंत थांबण्याची होती. त्याचे घर स्वतः एकदा हटवले गेले होते, हे मला नंतर कळले.

दुसरी विनंती भाषेची. मराठीतून उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या मुलांसाठी हे निकाल मराठीत हवेत. ही मुले हुशार असतात, पण इंग्रजी निकालाच्या पहिल्याच पानावर थबकतात आणि मग गाईडाकडे वळतात. पोर्ट एलिझाबेथच्या निकालातला निम्मा भाग मी रात्री बसून उतरवला आहे, हाताने लिहिलेली एक्केचाळीस पाने. छायाप्रती कोणत्याही मंडळाला पाठवायला मी तयार आहे. मराठीचा एखादा प्राध्यापक आणि एखादा तरुण वकील माझ्याबरोबर बसला तर उरलेले दोन महिन्यांत होईल. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते.

एका जागी अडकले आहे. सॅक्स तिथे ‘उबुंटू’, म्हणजे माणूस इतर माणसांमुळेच माणूस असतो, ही आफ्रिकन कल्पना घेऊन म्हणतात की कायद्याच्या कोरड्या चौकटीत दोन गोष्टी मिसळाव्या लागतात. दुसरी करुणा, ती सोपी आहे. पहिलीला इंग्रजीत ‘ग्रेस’ म्हणतात. मी कृपा लिहिले आणि खोडले, कारण कृपा वरून खाली येते. सौजन्य लिहिले, ते पाहुणचाराचे वाटले. दाक्षिण्य लिहिले, तेही खोडले. सध्या त्या जागी मोकळी ओळ आहे.

आपली विश्वासू,
एक वकील